प्लग असलेली हायब्रिड कोणी घ्यावी?

१. प्रश्न कुठून येतो

"पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायची तर गावाला जाताना चार्जिंगची धाकधूक, नुसती पेट्रोल घ्यायची तर दर आठवड्याला पंपावर दोन-तीन हजार. मग दोन्ही असलेली गाडीच का घेऊ नये?" नवी गाडी घ्यायला निघालेल्या घरात हल्ली हा प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारा चुलतभाऊ सांगतो की त्याच्याकडे अशीच गाडी आहे. रात्री गॅरेजमध्ये चार्जिंगला लावतो, रोजचं ऑफिस विजेवर होतं आणि लांब जायचं असलं की पेट्रोल आहेच. ऐकताना यात खोट काढण्यासारखं काही सापडत नाही.

तो खोटं सांगत नाही. पण प्लग-इन हायब्रिडचं एक वैशिष्ट्य असं की तेच मॉडेल, त्याच रंगाची, त्याच दिवशी घेतलेली गाडी शेजारच्या दोन घरांत इतका वेगळा खर्च दाखवते की एक जण तिची शिफारस करत सुटतो आणि दुसरा पस्तावतो. साध्या पेट्रोल गाडीत असा फरक पडला तरी पाच-दहा टक्क्यांचा. इथे तो दुपटीचा असू शकतो. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी घरी बसून एक हिशेब करावा लागतो. हे प्रकरण त्या हिशेबाचं आहे.

२. हायब्रिड म्हणजे नेमकी कोणती?

आधी विजेचं माप समजून घेऊ. घरच्या वीजबिलावर जे 'युनिट' असतं, तेच बॅटरीचं माप असतं. कंपनीच्या माहितीपत्रकात 'किलोवॉट-तास' असा शब्द दिसेल, तो म्हणजे आपलं युनिटच. एक किलोवॉटची इस्त्री सलग तासभर चालली की एक युनिट जळतं.

आता हायब्रिडचे प्रकार. बाजारात 'माइल्ड' किंवा 'स्मार्ट' हायब्रिड म्हणून ज्या गाड्या मिळतात, त्यांतली छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते. एकट्या मोटरवर गाडी चालत नाही. त्या आपण बाजूला ठेवू.

'स्ट्राँग' हायब्रिडमध्ये मोटर गाडी एकटी ओढू शकते, पण थोडाच वेळ. डिसेंबर १९९७मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेली टोयोटा प्रियस ही या जातीची सर्वांत प्रसिद्ध गाडी. आपल्याकडे २०२२मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्त्या याच प्रकारच्या. त्यांची बॅटरी अवघी पाऊण युनिटाची. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी शक्ती आणि इंजिनाने केलेली जास्तीची वीज या बॅटरीत थोडा वेळ साठते आणि पुढच्या सिग्नलला गाडी हलवायला वापरली जाते. इथली सगळी शक्ती शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. या गाडीला भिंतीतली वीज देता येत नाही, आणि देण्याची गरजही नसते.

प्लग-इन हायब्रिडमध्ये ही बॅटरी पंधरा-वीस पटींनी मोठी असते आणि तिला चार्जिंगचं सॉकेट असतं. चीनमध्ये बीवायडी कंपनीने डिसेंबर २००८मध्ये एफ३डीएम ही गाडी आणली, ती मोठ्या प्रमाणावर बनवलेली या जातीची पहिली. दोन वर्षांनी अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली. १६ युनिटांची बॅटरी, विजेवर सुमारे ५६ किलोमीटर. आजच्या प्लग-इन प्रियसची बॅटरी १३.६ युनिटांची आहे आणि अमेरिकी सरकारी चाचणीप्रमाणे तिचं सर्वांत काटकसरी मॉडेल विजेवर ७० किलोमीटर जातं. म्हणजे बॅटरी लहान करूनही पल्ला वाढला.

३. टाकी आणि टँकर

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी रात्री महापालिकेच्या पाण्याने भरते. ते पाणी स्वस्त. दिवसभराचा वापर टाकीइतकाच असेल तर महिनाभर काही वाटत नाही. पाहुणे आले, टाकी संपली, तर टँकर मागवायचा. तो महाग, पण अडचण भागते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी म्हणजे ही टाकी आणि पेट्रोल म्हणजे टँकर.

यातून तीन गोष्टी लगेच कळतात. रात्री टाकी भरलीच नाही, तर रोज टँकर. टाकी गरजेपेक्षा फार मोठी बांधली, तर बांधकामाचा खर्च आणि स्लॅबवरचा भार दोन्ही उगाच. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बचत फक्त स्वस्त पाणी जितकं वापरलं तितकीच. गाडीत दोन इंधनं आहेत म्हणून काही वाचत नाही. भिंतीतल्या विजेवर जेवढे किलोमीटर गेले, तेवढेच पैसे वाचले. गाडी घेण्याचा निर्णय या एका आकड्यावर अवलंबून आहे.

४. माहितीपत्रकातला आकडा एवढा मोठा कसा?

बीएमडब्ल्यू एक्सएम ही २.७ टनांची, आठ सिलिंडरच्या इंजिनाची प्लग-इन हायब्रिड भारतातही विकली गेली आहे. ती आली तेव्हा युरोपच्या अधिकृत चाचणीप्रमाणे तिला १०० किलोमीटरला दीड लिटरच्या आसपास पेट्रोल पुरत होतं. म्हणजे लिटरला ६० किलोमीटरहून जास्त, आपल्या स्कूटरपेक्षाही चांगलं. हा आकडा चाचणीत फसवाफसवी करून आलेला नाही. तो एका गृहीतकातून आला आहे.

चाचणीत गाडी दोनदा चालवतात. एकदा बॅटरी पूर्ण भरून, एकदा रिकामी करून. मग दोन्हींची सरासरी काढतात. पण कोणत्या फेरीला किती वजन द्यायचं? युरोपच्या नियमात असं धरलं होतं की माणूस गाडी नेमाने चार्ज करणार आणि बहुतेक अंतर विजेवरच कापणार. गृहीतक तसं, म्हणून आकडाही तसा.

प्रत्यक्षात काय झालं ते नंतर मोजता आलं, कारण युरोपात २०२१पासून नव्या गाड्यांमध्ये इंधनाचा खरा वापर नोंदवणारी यंत्रणा बंधनकारक झाली. युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये त्या नोंदींवरचा अहवाल दिला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये चाचणी आणि रस्ता यांत सुमारे २० टक्क्यांचा फरक निघाला. प्लग-इन हायब्रिडचा धूर मात्र अधिकृत आकड्याच्या साडेतीन पट निघाला. त्यानंतर युरोपने २०२५पासून नव्या मॉडेल्ससाठी ते गृहीतक कडक केलं.

यामागचं कारण फार मानवी आहे आणि आपल्यालाही लागू पडतं. युरोपात या गाड्या मोठ्या प्रमाणावर कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिल्या, कारण त्यांवर करसवलत होती. नेदरलँड्समध्ये तर २०१३च्या शेवटी सवलत संपण्याआधी मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इन मॉडेलवर उड्या पडल्या. पण पेट्रोलचं बिल कंपनी भरायची आणि घरच्या विजेचं बिल स्वतः भरायचं. मग चार्जिंग कोण करणार? ब्रिटनमध्ये कंपनीच्या ताफ्यातून परत आलेल्या काही गाड्यांच्या डिकीत चार्जिंगची केबल प्लॅस्टिकच्या वेष्टनातच सापडली. तीन-चार वर्षं ती गाडी दोन-अडीचशे किलोंची बॅटरी आणि मोटर उगाच वाहत होती. ब्रिटनने या गाड्यांचं खरेदी अनुदान २०१८मध्ये बंद केलं. शांघायने २०२३पासून त्यांना फुकट नंबरप्लेट देणं थांबवलं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत अनेक अधिकाऱ्यांना कंपनीच्या लीजवर गाडी मिळते आणि पेट्रोलची पावती जमा केली की पैसे परत मिळतात. तुमची गाडी अशी असणार असेल तर हे प्रकरण इथेच मिटवा. प्लग-इन तुमच्यासाठी नाही.

५. कोथरूड ते हिंजवडी

आता स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्या घराचा हिशेब मांडू. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्यातून २५ दिवस. वर्षाला १२,००० किलोमीटर. शिवाय गणपती, मे महिना, लग्नकार्यं आणि देवदर्शन मिळून लांबचे ५,००० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. वीज १२ रुपये युनिट धरू.

वीज एवढी महाग का धरली? कारण रोजच्या ४० किलोमीटरला साधारण ८ युनिटं लागतात, महिन्याला २००. ज्या घरात आधी २०० युनिटं जळत होती तिथे ४०० होतील. महावितरणच्या घरगुती दरात ३०० युनिटांच्या पुढचा टप्पा बराच चढा आहे. गाडीची बरीचशी वीज या महागड्या टप्प्यात जाते. गच्चीवर सौर पॅनेल असेल तर चित्र एकदम पालटतं, आणि ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी नव्याने करावा.

साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी पुण्याच्या वाहतुकीत लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं, तर किलोमीटरला पावणेनऊ रुपये. वर्षाचे सुमारे १,४९,०००. त्याच आकाराची स्ट्राँग हायब्रिड लिटरला २० देईल, किलोमीटरला सव्वापाच रुपये, वर्षाचे ८९,०००. प्लग-इन हायब्रिड विजेवर एका युनिटात ५ किलोमीटर जाईल, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. बॅटरी संपल्यावर मात्र ती स्ट्राँग हायब्रिडपेक्षा जड गाडी असते, तेव्हा लिटरला १८ धरू. रोजचं विजेवर आणि लांबचं पेट्रोलवर मिळून वर्षाचे ५८,०००.

साध्या पेट्रोल गाडीशी तुलना केली तर वर्षाला ९१,००० वाचतात. विक्रेता हाच आकडा दाखवेल. पण ही तुलना चुकीची आहे. ज्याला पेट्रोल वाचवायचं आहे त्याच्यापुढचा खरा पर्याय स्ट्राँग हायब्रिड आहे, आणि तिच्याशी तुलना केली की वाचतात ३१,०००. दोन गाड्यांच्या किमतीत ५ लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला १६ वर्षं लागतील. २ लाखांचा असेल तर साडेसहा, आणि मग विचार करायला हरकत नाही.

चार्जिंग केलंच नाही तर? १७,००० किलोमीटर पेट्रोलवर, वर्षाचे ९९,०००. म्हणजे जास्त किंमत मोजून वर नेहमीच्या हायब्रिडपेक्षा दहा हजारांचा जादा खर्च.

जड गाडीचा हा तोटा काल्पनिक नाही. अमेरिकी सरकारी आकड्यांत साधी हायब्रिड प्रियस लिटरला सुमारे २४ किलोमीटर देते. तिचीच प्लग-इन बहीण बॅटरी संपल्यावर २२ देते.

पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला याच वापरात, लांबच्या प्रवासात महागडं जलद चार्जिंग धरूनही, ४१,००० च्या आसपास लागतील. तिच्यावरचा कर किती कमी आहे ते पुढे येईलच.

परदेशातल्या मराठी वाचकांनी आपल्या गावचा दर घालावा. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात घरगुती वीज युनिटला ३० सेंटच्या वर आहे. ३५ सेंट दराने प्लग-इन प्रियस विजेवर चालवली तर मैलाला सुमारे ९ सेंट पडतात. साडेचार डॉलर गॅलनच्या पेट्रोलवर चालवली तरी जवळपास तेवढेच. प्लग लावून काही वाचत नाही. जिथे वीज १२ सेंट आहे तिथे तीच गाडी मैलाला ३ सेंटात जाते. शिवाय अमेरिकेतली केंद्र सरकारची करसवलत ३० सप्टेंबर २०२५नंतर संपली, तेव्हा भावाने दोन वर्षांपूर्वी केलेला हिशेब आज तसाच लागू नाही.

६. घाट, एसी आणि जुनं पेट्रोल

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. १,९०० किलोंच्या गाडीत या उंचीमुळे साठलेली शक्ती २.८ युनिटांइतकी असते. साध्या गाडीत ती सगळी हवा, टायर आणि ब्रेकच्या उष्णतेत जाते. प्लग-इन हायब्रिडमध्ये मोटर उलटी फिरून वीज बनवते. हवा आणि टायरचा वाटा वजा जाता अंदाजे एक युनिट बॅटरीत परत येतं, खाली उतरल्यावर पाच किलोमीटर फुकट. स्ट्राँग हायब्रिडची पाऊण युनिटाची बॅटरी उतारावरच भरते आणि उरलेली शक्ती वाया जाते. पण प्लग-इनवाल्याने लोणावळ्याच्या बंगल्यात रात्रभर बॅटरी काठोकाठ भरून सकाळी घाट उतरायला घेतला, तर त्याच्याही बॅटरीत जागा नसते. अशा वेळी ती थोडी रिकामी ठेवावी.

याच्याच जोडीला एक बटण लक्षात ठेवा. बहुतेक प्लग-इन गाड्यांत बॅटरी राखून ठेवण्याची सोय असते. पुण्याहून मुंबईला जाताना द्रुतगती मार्गावर पेट्रोल वापरा आणि राखलेली वीज सायन-दादरच्या गर्दीत खर्च करा. सलग वेगात इंजिन चांगलं काम करतं, रांगेत मोटर. कित्येक मालक हे बटण कधीच दाबत नाहीत आणि मुंबईत शिरेपर्यंत बॅटरी संपवून बसतात.

एसी एका तासात सहज एक युनिट खातो. मे महिन्यात गाडी रांगेत उभी असेल तर कागदावरचे ७० किलोमीटर ५०-५५ वर येतात. म्हणून तुमचं रोजचं अंतर कागदावरच्या पल्ल्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त नसावं.

पेट्रोलचंही वय असतं. रोज विजेवरच चालणाऱ्या गाडीत भरलेलं पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं, आणि आपल्याकडच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं. व्होल्टमध्ये याची खास तजवीज होती. इंजिन सहा आठवडे सुरूच झालं नाही तर गाडी ते स्वतःहून थोडा वेळ चालवायची, आणि टाकीतलं पेट्रोल वर्षभर जुनं झालं तर जाळून टाकायची. प्लग-इनमध्ये टाकी नेहमी काठोकाठ भरू नये. आणि इंजिन कमी चाललं तरी ऑइल, फिल्टर, बेल्ट यांची सर्व्हिसिंग चुकत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या मालकाला हा खर्च नसतो.

बॅटरीच्या आयुष्याची काळजी अनेकांना वाटते. ५० युनिटांची इलेक्ट्रिक गाडी आठवड्यातून एकदा चार्ज होते, ही रोज होते, म्हणजे हिची झीज जास्त वेगाने व्हायला हवी. कंपन्या यावर उपाय म्हणून बॅटरीचा काही भाग वापरायलाच देत नाहीत. पहिल्या व्होल्टमध्ये १६ पैकी साधारण १० युनिटंच वापरात होती. वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे मात्र लेखी पाहून घ्या.

७. सोसायटीचं पार्किंग

एका बाबतीत प्लग-इन अगदी सोपी आहे. तिला जलद चार्जर लागत नाही. गिझरला असतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट आणि चांगलं अर्थिंग असलं की १५ युनिटांची बॅटरी सहा-सात तासांत भरते. रात्री अकराला लावा, सकाळी तयार.

सॉकेट लावता येणं हाच आपल्या शहरांतला खरा अडथळा आहे. तुमचा मीटर तळमजल्याच्या मीटर-रूममध्ये, पार्किंग इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, मधल्या भिंतीवरून केबल न्यायला कमिटीची परवानगी. केंद्र सरकारच्या धोरणाप्रमाणे घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला वेगळा परवाना लागत नाही. तरी कमिटीशी बोलणं चुकत नाही. जुन्या इमारतीत वायरिंग तपासून घ्या, आणि लिफ्टच्या जोडणीवरून किंवा एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी कधीही चार्ज करू नका. त्यातून आग लागते. ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते त्यांनी प्लग-इनचा विचार सोडून द्यावा.

आणि हे सॉकेट एकदा मिळालं की आणखी एक प्रश्न उभा राहतो. रोज घरी चार्ज करता येत असेल, तर पूर्ण इलेक्ट्रिकच का नको? घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल तर या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला सापडत नाही.

८. सरकार कोणाच्या बाजूने आहे?

आपल्या जीएसटीने या गाडीला कधी जवळ केलं नाही. इलेक्ट्रिक गाडीवर २०१९पासून ५ टक्के कर आहे. मोठ्या हायब्रिडवर आधी २८ टक्के आणि वर १५ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून एकूण कर ४० टक्के झाला. चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या हायब्रिडला १८ टक्के आहे. हायब्रिडला प्लग आहे की नाही, याने करात फरक पडत नाही. महाराष्ट्रात अटल सेतूवर ऑगस्ट २०२५पासून टोलमाफी मिळाली ती विजेवरच्या गाड्यांना. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडची नोंदणी फी माफ केली, पण तशी राज्यं कमी.

परिणाम असा की भारतात आजवर आलेल्या प्लग-इन हायब्रिड बहुतांश व्होल्वो, बीएमडब्ल्यू, पोर्शे, रेंज रोव्हर अशा, कोटीच्या घरातल्या. त्या घेणारा पेट्रोलचा हिशेब करत नाही. चीनमध्ये मात्र बीवायडीची छिन एल ही प्लग-इन हायब्रिड २०२४मध्ये एक लाख युआनच्या आत, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आत, विक्रीला आली. तिथे मध्यमवर्गाने ही गाडी उचलून धरली ती किमतीतला फरक जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे.

९. मग घ्यावी का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरी घरांना माझं उत्तर आज नाही असं आहे. घरी चार्जिंगची सोय नसेल तर स्ट्राँग हायब्रिड घ्या. सोय आहे आणि घरात दुसरी गाडी आहे, तर इलेक्ट्रिक घ्या. प्लग-इन हायब्रिड त्या घराला शोभते जिथे एकच गाडी आहे, पार्किंगमध्ये स्वतःचं सॉकेट आहे, रोजचं अंतर तीस-चाळीस किलोमीटरच्या आत आहे आणि तरीही महिन्या-दोन महिन्यांनी चार्जरचा भरवसा नसलेल्या आडगावी जावं लागतं. त्यातही स्ट्राँग हायब्रिडपेक्षा ती दोन लाखांहून जास्त महाग नसावी. अशी घरं आहेत. उद्या भारतात वीस-पंचवीस लाखांत चांगली प्लग-इन आली तर त्यांनी ती जरूर घ्यावी.

बुकिंगची रक्कम भरण्याआधी दोन कामं करा. सध्याच्या गाडीचं रोजचं अंतर महिनाभर वहीत लिहून ठेवा, म्हणजे किती किलोमीटर विजेवर जातील ते अंदाजाने नव्हे, मोजून कळेल. आणि सॉकेटसाठी सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, गाडी दारात आल्यावर नव्हे.